१९२१ च्या विलायतेतल्या शिरगणतीत पणजोबांचं गाव "नॅन्टे" लिहिलंय, हे कुठलं गाव असेल?

तांडेलाची_पणती (कोपरी, ठाणे पूर्व)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण यातली कुठली गोष्ट उपयोगाची आणि कुठली नाही हे मला ठरवता येत नाही, म्हणून सगळंच लिहिते.

माझे पणजोबा आगबोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांवरचे मुकादम, होते. गोऱ्यांच्या बोटीवर, मुंबई ते लंडन. १९२६ साली माझगावच्या खोलीत तापाने गेले. माझे आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे. पणजोबांच्या माघारी गावच्या घरावरून चुलत्यांशी बिनसलं आणि आजोबांनी गावाचं नाव टाकलं. पुढे ते ठाण्याला आले, इथेच संसार केला, इथेच १९८१ साली गेले. पण "आपण रत्नागिरीकडचे" यापलीकडे मुलांना एक अक्षर सांगितलं नाही. आता रत्नागिरीकडचे म्हणजे तरी कुठले? सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ च्या मे महिन्यात. त्याआधी बाणकोटपासून पार वेंगुर्ल्यापर्यंत सगळी रत्नागिरीच. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेही हाच प्रश्न मनात ठेवून. दवाखान्यात मला विचारायचे, "लागला का गं पत्ता?" मला तो लावायचा आहे.

पणजोबांची घरात एकच वस्तू आहे, ती म्हणजे नळी. बोटीवरच्या नोकरीचा कागद पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवत, म्हणून त्या कागदालाच नळी म्हणायचे. त्यावर बोटीचं नाव, हुद्दा आणि साल वाचता येतं. गावाचा रकाना कसरीने खाल्ला आहे.

माझी भाची (भावाची मुलगी) लेस्टरला शिकते. तिने गेल्या महिन्यात तिकडच्या १९२१ च्या शिरगणतीत शोध घेतला. १९ जूनच्या त्या रात्री बंदरात उभ्या असलेल्या बोटींवरची माणसंही मोजली होती. नळीवरचं बोटीचं नाव घेऊन ती शोधत गेली, तर बोट टिलबरीच्या गोदीत सापडली आणि खलाशांच्या यादीत पणजोबा! नावाचं स्पेलिंग वेडंवाकडं आहे, पण नाव आणि बापाचं नाव दोन्ही जुळतात. हुद्दा तांडेल, वय ३९. जन्मठिकाणापुढे संकेतस्थळावर टाइप केलेली अक्षरं अशी: एन, ए, एन, टी, ए, वाय. पुढे फक्त "बॉम्बे". म्हणजे मुंबई इलाखा धरायचा.

नॅन्टे? नांटे? नांदे?

भावाचं म्हणणं नांदगाव, मुरूड-जंजिऱ्याजवळचं, कारण ते समुद्रकाठी आहे. आम्ही दोघं एक अख्खा दिवस तिथे घरोघर विचारत फिरलो. आमच्या आडनावाचं घर नाही, कुणाला काही आठवत नाही. काका नांदेड म्हणतात. नांदेड तेव्हा निजामाकडे होतं, ते मुंबई इलाख्यात कसं येईल?

घरातल्या आणखी काही गोष्टी सांगते. आजी दर नवरात्रात एक नारळ लाल फडक्यात बांधून देवघरात वेगळा ठेवायची. त्याला "महाकालीचा" म्हणायची. शेजारच्या बाईंनी ती चंद्रपूरची महाकाली असं सांगितलं, आणि पुढे घरात तेच धरलं गेलं. आजोबा एकदा बोलून गेले होते की गाव किल्ल्याजवळ आहे, खळ्यातून खाडी दिसते. आणि त्यांना नाटकाचा नाद असावा, कारण म्हातारपणी "मी नाट्यातला माणूस" असं म्हणताना मी स्वतः त्यांना दोनतीनदा ऐकलंय. गडकरी रंगायतन नवीन झालं तेव्हा बाबा हौसेने त्यांना नाटकाला घेऊन गेले, तर पहिल्या अंकातच झोपले. ते कुठल्या नाटकमंडळीत होते, होते की नव्हते, काहीच कळलं नाही. याचा गावाशी संबंध नाही, पण सगळं लिहिते म्हटलं म्हणून लिहिलं.

आपल्याकडच्या जुन्या खानेसुमारीचे कागद मुंबईत कुठे पाहायला मिळतील का? तेही सांगा.


कळवा_खाडी

ताई, हे नाते असणार. महाड तालुका, रायगडाच्या वाटेवरचं गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म तिथलाच, १८९६ चा. किल्ल्याजवळचं गाव हे तर लगेच जुळलं. मधला एन गोऱ्याने उगाच घातला असेल, हे लोक आपल्या नावांत काय वाटेल ते घालत. आणि महाडचा माणूस बोटीवर कसा, असं कुणी म्हणू नये. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटहून दासगाव-महाडपर्यंत गलबतं यायची. माझं आजोळ त्या बाजूचं आहे, म्हणून ठामपणे सांगतो.


ऐरोली_सेक्टर_आठ

नांदिवडे का नाही? जयगडजवळ आहे. जयगडचा किल्ला आहे, शास्त्रीची खाडी आहे, आणि जिल्हा रत्नागिरीच. शेवटचं "वडे" लिहायचं राहून गेलं असेल. मला तर सगळं जुळतंय असं वाटतं.


जुनेकागद (नौपाडा)

ताई, आधी तुमचा शेवटचा प्रश्न. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी नेमाने गणती झाली, पण आकडे काढून झाल्यावर माणसागणिक भरलेली पत्रकं जपली नाहीत. १९४८ च्या कायद्याने तर वैयक्तिक नोंद कुणाला पाहताच येत नाही. त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. विलायतेत शंभर वर्षं झाली की पत्रकं उघडतात, म्हणून १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत उघडली. तिथली १९३१ ची पत्रकं आगीत जळाली आणि १९४१ ची गणती युद्धामुळे झालीच नाही. तेव्हा जे एक पान हाती लागलंय ते घट्ट धरा.

आणि ते पान तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. तुम्ही पाहिलंय ते कुणीतरी वाचून टाइप केलेलं. मधे तीन माणसं आहेत हे लक्षात घ्या. पणजोबा बोलले. बोटीवरच्या गोऱ्या अधिकाऱ्याने ते ऐकून लिहिलं. शंभर वर्षांनी तिसऱ्या माणसाने, ज्याने कोकणाचं नावही ऐकलं नसेल, त्याचं अक्षर लावलं. चूक या तिघांपैकी कुणाचीही असू शकते, म्हणून उलटं चालायचं: आधी तिसऱ्याची काढायची, मग दुसऱ्याची, आणि मग पणजोबांच्या तोंडचं काय ते ऐकायचं. आपण सगळे नकाशावर "नॅन्टे" शोधायला लागलो, तिथेच गाडी चुकली.

मला पहिला संशय मधल्या एनचा आहे. हाताने लिहिलेल्या इंग्रजीत एन आणि यू ही दोन अक्षरं जितकी एकमेकांच्या जागी वाचली जातात तितकी दुसरी कुठली नाहीत. तो यू असेल तर शब्द होतो एन, ए, यू, टी, ए, वाय. आणि तसं असेल तर तो मला ओळखीचा वाटतो. जुन्या इंग्रजांना आपला "आ" ऐकू आला की ते ए-यू लिहीत. घाट लिहिताना जी, एच, ए, यू, टी. नाथ लिहिताना एन, ए, यू, टी, एच. अजूनही काही जुन्या घराण्यांच्या आडनावांत हे नाथ तसंच आहे. शेवटचं ए-वाय म्हणजे बॉम्बेच्या शेवटी आहे तो "ए". १८७० च्या दशकात हंटरसाहेबाच्या पद्धतीने सरकारी स्पेलिंगं एकसारखी केली, पण बोटीवरच्या माणसाला त्याचं काय? आपल्या ठाण्याचंच बघा. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी आली तेव्हाच्या इंग्रजी कागदांत शेवटी एक एच लावून "टॅन्ना" असायचं, नंतर "थाना" झालं, मग आताचं. गाव जागचं हललं नाही.

पण हा नुसता संशय. नक्की करायचं तर पैसे भरून मूळ पानाचं छायाचित्र काढून घ्या आणि तीन गोष्टी बघा. त्याच पानावर दुसरीकडे असा शब्द शोधा ज्यात एन आणि यू दोन्ही आहेत आणि शब्द कोणता याबद्दल शंका नाही. त्यावरून त्या माणसाचा एन कसा आणि यू कसा ते समजेल. दुसरं, वरच्या-खालच्या सगळ्या खलाशांची गावं उतरवून काढा. खलाशी भरती सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुख्याच्या, हातात असायची आणि सारंग आपल्याच खाडीतली, आपल्याच नात्यातली पोरं घेऊन जायचा. शेजारी सांगतील तुमचं गाव कुठल्या बाजूला शोधायचं. तिसरं, वयाचा रकाना. १९२१ ला वय वर्षं आणि महिने असं विचारलं होतं. महिने खरंच भरलेत की नाही यावरून तो अधिकारी किती विचारून लिहीत होता ते कळेल.

एक इशाराही देतो. रकाना जन्मठिकाणाचा असला तरी आपल्या माणसाला "कुठला रे तू?" विचारलं की तो मूळ गाव सांगतो. जन्म आजोळी झालेला असू शकतो. तेव्हा जे सापडेल ते गाव म्हणून धरा, जन्माची जागा म्हणून लगेच धरू नका.


तांडेलाची_पणती

जुनेकागद, तुमचे आभार कसे मानू? भाचीने काल रात्री पान काढून पाठवलं. मी ते छापून आणलं आणि आज दिवसभर भिंग घेऊन बसले आहे.

सांगायचं राहिलं, मी टेलिफोन खात्यात होते, १९८२ पासून. सुरुवातीची वर्षं ट्रंकवर, बाहेरगावचे फोन जोडून द्यायला. दिवसभर कानात गावांची नावं. पलीकडचा बोलतो एक, ऐकू येतं भलतंच, मग "ट टेबलाचा, ड डब्याचा" करत गाव लावायचं. हे पान वाचताना मला तेच आठवत राहिलं. त्या अधिकाऱ्याला तर "परत सांग" म्हणायचीही सोय नव्हती. भाषाच येत नव्हती.

आता पान. आधी महिने. सगळ्या खलाशांपुढे महिन्याच्या जागी शून्य. वयंही पुष्कळांची २५, ३०, ३५, ४० अशी. म्हणजे अंदाजाने भरलीत. मात्र पणजोबांचं ३९ आहे, ते त्यांनी स्वतः सांगितलं असावं असं मला वाटतं.

तुम्ही म्हणालात तसा शब्द मिळाला! खालून चौथ्या ओळीत एका खलाशाचं ठिकाण रत्नागिरी आहे, जुन्या स्पेलिंगने: आर, यू, टी, एन, ए, जी, एच, ई, आर, आर, वाय. त्यात यू आणि एन दोन्ही आहेत, मधे फक्त एक टी. या माणसाचा यू वरून उघडा, वाटीसारखा. एन मात्र कमानीसारखा, वरून बंद आणि खाली दोन पाय. मग पणजोबांची ओळ पाहिली. पहिला मोठा एन सोडून द्या. मधलं अक्षर वरून उघडं आहे. पुन्हा पुन्हा पाहिलं, भावाला दाखवलं, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला काही न सांगता नुसतं विचारलं. सगळे यू म्हणाले.

आणखी एक. एका खलाशाचं गाव संकेतस्थळावर "डॅनबोल" असं टाइप केलंय. मूळ पानावर तिथेही ए-यूच आहे. म्हणजे ते दाभोळ! तुमचा "आ" तिथेही सापडला.

बाकीचे शेजारी मला लागतील तसे लिहिते. सारंगापुढे जे, वाय, टी, ए, पी, ओ, ओ, आर. त्याच्या खाली पणजोबा. त्यांच्याखाली एम, ओ, ओ, एस, ए, सी, ए, जे, ई, ई. मग ए, एम, बी, एल, ए, जी, यू, आर. मग परत जे-वाय वालं गाव दोनदा. मग एक मला अजिबात न लागलेलं, व्ही ने सुरू होणारं, शेवटी डी, आर, ओ, ओ, जी. दाभोळ आणि रत्नागिरी खाली आहेत.

पहिलं जयतापूर असं काही असेल का? हे गाव मला माहीत नाही.


राजापूरकर_सीवूड्स

ताई, मी ऑफिसातून घरी येताना लोकलमध्ये हे वाचलं आणि अंगावर काटा आला. माझंच गाव वाचतोय असं वाटलं.

जे-वाय वालं ते जैतापूर. खालचं मुसाकाजी, आमच्या खाडीच्या तोंडाचं बंदर. कोकणबोट तिथे थांबायची, माझ्या वडिलांनी त्या बोटीने मुंबई गाठली. त्याखालचं आंबोळगड. आणि व्ही वालं विजयदुर्ग. दुर्ग म्हटलं की इंग्रजांनी "ड्रूग" केलंच, सुवर्णदुर्गाचंही तेच. ही सगळी गावं ओळीने एका खाडीच्या आसपासची आहेत, फक्त विजयदुर्ग जरा खाली, पुढच्या खाडीवर. सारंग जैतापूरचा, पोरं आजूबाजूची.

आणि या गावांत एन-ए-यू-टी-ए-वाय एकच: नाटे. राजापूर तालुका, जिल्हा रत्नागिरी. जैतापूरच्या समोर, खाडीच्या उत्तरेला. तिथे यशवंतगड आहे, गावाला लागून, खाडीच्या काठावर. खळ्यातून खाडी दिसते म्हणाले ना तुमचे आजोबा? दिसते.

महाकाली चंद्रपूरची कशाला? आडिवऱ्याची महाकाली आमच्याच तालुक्यात, नाट्याहून फार लांब नाही. आमच्याकडची मुंबईला गेलेली कितीतरी घरं नवरात्रात तिचा नारळ बाजूला काढून ठेवतात आणि जमेल तेव्हा, नाहीतर गावाला जाणाऱ्या कुणाच्या हाती, पाठवतात. तुमच्या आजीने नारळ बांधून ठेवला, पण न्यायला गावाला जाणारं कुणी उरलं नव्हतं.

आता मला एक सांगा. तुमचे आजोबा "मी नाट्यातला माणूस" म्हणायचे. पुण्याला पुण्यातला, ठाण्याला ठाण्यातला, वेंगुर्ल्याला वेंगुर्ल्यातला. मग नाट्याला?


तांडेलाची_पणती

मी हे वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले.

आजोबा गावाचं नाव सांगत होते. स्वतःहून, न विचारता, आमच्यासमोर. मी वीस वर्षांची होते, समोर बसले होते. आम्ही त्यांना नाटकाला नेलं.

भावाला फोन केला. तो काही बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता.


कळवा_खाडी

ताई, डोळ्यांत पाणी आलं. तरी एकदा विचारतो, हट्ट म्हणून नाही: नाते गाव असतं तर ते "मी नात्यातला माणूस" म्हणाले असते. तुमचा कान पक्का आहे का, ट च होता ना? इंग्रजीत ट आणि त ला एकच टी, म्हणून विचारलं.


तांडेलाची_पणती

ट च. नात्यातला म्हणाले असते तर आम्ही नाटकाला कशाला नेलं असतं?


जुनेकागद (नौपाडा)

कळव्याच्या दादांनी विचारलं ते बरोबर विचारलं, आणि ताईंचं उत्तरही पक्कं आहे. नाते तसं पानावरूनही गळतं: महाड, दासगाव, बाणकोट, एकही नाव त्या यादीत नाही. नांदिवड्याचंही तेच. जयगड, गणपतीपुळे, मालगुंड या बाजूचा कुणीच नाही. शिवाय अधिकारी बाकी सगळी नावं पूर्ण लिहितो आणि एकच अर्धं सोडतो, असं का धरायचं?

पण ताई, इथे थांबू नका. आतापर्यंत आपल्याकडे आहे तो अंदाज, चांगला अंदाज. आता गावचा कागद हवा, ज्यात तुमच्या घराचं नाव असेल. पणजोबांचा जन्म १८८२ च्या सुमाराचा, तेवढं मागचं मिळणं कठीण. आजोबांपासून सुरुवात करा. ते १९०८ चे. गावात शाळेत गेले असतील तर मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव असेल. ही रजिस्टरं जुन्या शाळांनी नीट ठेवलेली असतात, आणि त्यात जन्मठिकाण आणि जन्मतारीख असते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा, जन्ममृत्यूची नोंद तिथे. कुणबी नोंदींच्या शोधात गेल्या दोनतीन वर्षांत ही रजिस्टरं सगळीकडे कपाटांतून बाहेर निघाली आहेत, त्यामुळे कर्मचाऱ्यांना आता ती कुठे आहेत ते ठाऊक असतं. घरावरून तंटा झाला म्हणता, तर १९२६ च्या पुढचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी, बघा. वारसाची नोंद झाली असेल तर सगळी भावकी एका कागदावर मिळेल. "आपले अभिलेख" संकेतस्थळावर काही तालुक्यांचे जुने फेरफार घरबसल्या दिसतात. जुनी पानं मोडीत असतील. अंदाजाने लावू नका, मोडी जाणणारा माणूस सोबत घ्या.

भाचीला आणखी एक काम द्या. १९१५ च्या बोटींवरच्या खलाशांच्या याद्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाने स्वयंसेवकांकडून उतरवून घेऊन फुकट खुल्या केल्या आहेत. हिंदी खलाशांच्या सगळ्या याद्या टिकल्या नाहीत, पण पणजोबा १९१५ ला बोटीवर असतील तर बघायला काय हरकत? शोधताना नाव टाकू नका, बोटीचं नाव टाका. आणि गावाच्या जागी ए-एन, ए-यू दोन्ही करून बघा.


राजापूरकर_सीवूड्स

ताई, जाल तेव्हा मला आधी कळवा. माझे चुलते जैतापुरात आहेत, तुम्हाला कुठे उतरायचं, कुणाला भेटायचं ते सांगतील. रेल्वेने जाऊ नका, राजापूर रोड स्टेशन आमच्या बाजूला फार लांब पडतं. खोपटवरून रात्रीची एसटी घ्या. आणि भावकीच्या तंट्याची भीती मनात ठेवू नका. शंभर वर्षं झाली. आता तिथे कुणी आलंय एवढंच त्यांना दिसेल.


तांडेलाची_पणती

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. आम्ही जाऊन आलो. मी, भाऊ आणि वहिनी.

खोपटवरून एसटीने राजापूर, तिथून दुसऱ्या गाडीने. सीवूड्सच्या दादांचे काका स्टँडवर उभे होते. आधी आडिवऱ्याला गेलो. आजीच्या पद्धतीने लाल फडक्यात बांधलेला नारळ ठाण्याहूनच नेला होता. गुरवांनी कुणाचा म्हणून विचारलं. माझ्या तोंडून आजीचं नाव निघालं, आजोबांचं नाही. का ते मला सांगता येणार नाही.

मग नाटे. यशवंतगडाची भिंत झाडीत दडलेली आहे, खाली खाडी. भाऊ म्हणाला, खळं कुठलं ते कळलं नाही तरी चालेल. पण कळलं.

शाळेतल्या बाईंनी कपाट उघडून दिलं. १९१५ चं रजिस्टर, बांधणी सुटलेली, अक्षर मात्र सुरेख. पहिलं पान मोडीत, पुढची बाळबोध. त्यात आजोबांचं नाव, बापाचं नाव, आमचं आडनाव. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात "आगबोटीवर". मी तो शब्द बोटाने पुसल्यासारखा हळूच पाहिला. भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला.

त्या रजिस्टरमधल्या पत्त्यावरून काकांनी वाडी दाखवली. घर पडलेलं आहे, जोतं शिल्लक आहे. चुलत्यांच्या वंशातले एक गृहस्थ भेटले, नव्वदीच्या घरातले. त्यांना तंट्याचं काही ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणाले की त्यांच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची, आमचा एक तांडेल होता, त्याची पोरं ठाण्याला गेली, ती येतील. माझी वहिनी रडायला लागली. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कुळथाची पिठी आणि भात, वर भाजलेला सुका बांगडा.

पणजोबांच्या जन्माचा कागद मिळाला नाही. तहसीलात त्या वर्षांचं काही नाही म्हणाले. जुनेकागद, तुम्ही म्हणाला होतात तेच: गाव नाटे हे आता आमच्यापुरतं पक्कं, जन्म कुठे झाला ते त्या पानावरूनही ठरत नाही.

तुमचा तो इशारा आजोबांच्या बाबतीत तर खराच ठरला. रजिस्टरमध्ये आजोबांच्या जन्मठिकाणी नाटे नाही. तिथे "मिठगवाणे" लिहिलं आहे, खाडीपलीकडचं. म्हणजे ते पणजीचं माहेर असणार. पणजीबद्दल आम्हाला काहीही माहीत नाही, सासरचं नावसुद्धा नाही. आजोबा तिला नुसतं "आवय" म्हणायचे. जायचं तर लगेच गेलो असतो, पण वहिनीची रजा संपली होती आणि परतीच्या गाडीची तिकिटं काढलेली होती.

मिठगवाण्याकडचं कुणी आहे का इथे? १९०८ च्या आधी नाट्याला दिलेली लेक, नवरा बोटीवर. एवढंच सांगता येतं.


राजापूरकर_सीवूड्स

माझ्या आत्याचं सासर मिठगवाण्याचं. रविवारी फोन लावतो. ताई, आजोबांच्या धाकट्या भावंडांपैकी कुणाचं नाव माहीत असेल तर तेवढं आजच कळवा.